‘दम आहे का?’ : मुलांच्या जीवावर उठणाऱ्या पैजा आणि आईबापांनी करायची कामं

जुलै २०२४ मध्ये शिवडी स्टेशनवरचा एक व्हिडिओ सगळीकडे फिरला. चालत्या लोकलच्या दाराचा दांडा धरून प्लॅटफॉर्मवर पाय घासत जाणारा एक मुलगा त्यात दिसत होता. रेल्वे सुरक्षा दलाची माणसं शोधत त्याच्या घरी पोहोचली, तेव्हा कळलं की व्हिडिओ काही महिन्यांपूर्वीचा होता. त्यानंतर मशीद स्टेशनवर पुन्हा असाच स्टंट करताना त्याचा एक हात आणि एक पाय गेला होता. व्हिडिओ मात्र नव्यासारखा फिरतच होता, आणि त्याला लाइक मिळतच होते.

हा लेख पाचवी ते दहावीतल्या मुलामुलींच्या आईबापांसाठी आहे. मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि घरातही एक नववीतला आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघायला मिळतं. ‘मुलांशी संवाद साधा’ एवढं सांगून थांबणारे लेख पुष्कळ आहेत. संवाद म्हणजे नेमकं काय बोलायचं, कधी बोलायचं आणि त्याआधी काय बघून ठेवायचं, ते इथे लिहिते.

आधी एक गोंधळ दूर करू

२०१७ मध्ये ‘ब्लू व्हेल’ने, म्हणजे मुलांना एकेक पैज देत आत्महत्येपर्यंत नेतो असं म्हटल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळाने, सगळ्या पालकांची झोप उडवली होती. अंधेरीतल्या एका मुलाच्या मृत्यूनंतर वर्तमानपत्रांत रोज काहीतरी छापून येत होतं. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने गूगल, फेसबुक वगैरे कंपन्यांना त्याच्या लिंक काढून टाकायला सांगितलं. पुढे जानेवारी २०१८ मध्ये सरकारनेच संसदेत सांगितलं की तपासलेल्या घटनांपैकी एकीतही या खेळाचा हात सिद्ध झाला नाही. नंतर व्हॉट्सअॅपवरून मुलांना धमकावणाऱ्या ‘मोमो’ची भीती आली, ती तर निव्वळ अफवा निघाली.

आपण अशी कुठलीतरी परदेशी, गूढ नावं घेऊन घाबरत बसतो, आणि दर मे महिन्यात गावोगावच्या विहिरींत, तलावांत पोरं बुडत राहतात. नाव नसलेले, गल्लीतले खेळच जास्त घात करतात. लोकलच्या दारातून बाहेर झुकणं, यार्डात उभ्या असलेल्या मालगाडीच्या टपावर चढून फोटो काढणं, खाणीत उंचावरून सूर मारणं, पाण्याखाली कोण जास्त वेळ टिकतो ते बघणं, ट्रिपल सीट गाडी दामटणं, गच्चीच्या कठड्यावरून चालणं. शाळेत मधल्या सुट्टीत होणारा एक प्रकार म्हणजे तिघांनी उड्या मारायच्या आणि कडेच्या दोघांनी मधल्याचे पाय उडवायचे. मधला पाठीवर, डोक्यावर आपटतो. २०२० च्या सुरुवातीला हे खूळ व्हिडिओंतून जगभर पसरलं होतं.

म्हणून व्हॉट्सअॅपवर ‘पालकांनो सावधान, नवीन चॅलेंज’ असं काही आलं तर ते सोसायटीच्या किंवा शाळेच्या ग्रुपवर ढकलू नका. त्यातून पालक सावध होण्याआधी मुलांना नवीन नाव कळतं, आणि ती ते लगेच शोधून बघतात.

पहिली पायरी: मूल हे का करतं ते नीट समजून घ्या

‘आमचा असा नाही’ हे वाक्य मी पालकसभेत फार वेळा ऐकते. ते बहुतेक वेळा खरंही असतं. एकटा असताना तो खरंच तसा नसतो.

अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठातले लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ होता. पिवळा सिग्नल लागला की थांबायचं की पुढे दामटायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. काहींना एकट्याने खेळायला बसवलं, काहींना दोन मित्र शेजारी उभे करून. १३ ते १६ वयाच्या मुलांनी मित्र असताना कितीतरी जास्त धोका पत्करला. मोठ्या माणसांच्या वागण्यात मित्र असल्या-नसल्याने जवळजवळ फरक पडला नाही. या वयात मित्रांच्या नजरेला जे वजन असतं, ते आपल्याला आता आठवतही नाही.

डोंबिवलीहून दुपारच्या लोकलने येताना एकदा हे अगदी समोर बघितलं. दहावीतली असावीत अशी चार मुलं दारात होती. एकाने दप्तर मित्राच्या गळ्यात अडकवलं, दांडा धरला आणि शरीर बाहेर टाकलं. दुसऱ्याने मोबाइल आडवा धरला होता. लेडीज डब्यातून आम्ही ओरडत होतो, तर बाहेर लटकणाऱ्याला जास्तच चेव येत होता. तेवढ्यात त्यांच्याच डब्यातल्या एका काकांनी लटकणाऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही, मोबाइलवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘ठेव तो खिशात.’ मोबाइल खिशात गेला आणि पुढचा खांब यायच्या आत तो मुलगा आत आला.

घरी बोलताना हे डोक्यात असू द्या. पैज घेणाऱ्या मुलाइतकंच बघणाऱ्या आणि शूटिंग करणाऱ्या मुलाशी बोलायला हवं. तुमचं मूल बहुतेक वेळा त्या दुसऱ्या जागी उभं असणार आहे. मुलींच्या आईबापांनीही ‘हे मुलग्यांचं’ म्हणून पान उलटू नये. मुलींच्या पैजा थोड्या वेगळ्या असतात, फोटोच्या, चोरून कुठेतरी जायच्या, न खाता राहायच्या, पण ‘सगळ्याजणी करतायत’ हा दट्ट्या तोच असतो.

दुसरी पायरी: घराभोवतीचा एक किलोमीटर पायी फिरा

मुलं पैजा कुठे लावतात? जिथे मोठी माणसं नसतात, पण पोहोचायला सोपं असतं तिथे. शाळा सुटल्यापासून घरी येईपर्यंतचा त्यांचा रस्ता एकदा स्वतः चाला. क्लासला जाताना कुठली वाट धरतात, मधे कुठला कट्टा आहे, कुठल्या बांधकामाला कुंपण नाही, कोणत्या बिल्डिंगच्या गच्चीचं कुलूप कायम उघडं असतं, ते बघा. गच्चीवरची पाण्याची टाकी आणि तिची शिडी मुलांना फार आवडते. कुलूप लावून घेणं हे सोसायटीच्या एका मीटिंगचं काम आहे.

रूळ जवळ असतील तर मुलांना एक गोष्ट नक्की सांगा, कारण ती बहुतेकांना ठाऊकच नसते. रेल्वेच्या ओव्हरहेड वायरमध्ये २५ हजार व्होल्ट असतात. त्या वायरला हात लागायचीही गरज नसते. डब्याच्या टपावर उभं राहून जवळ गेलं तरी विजेचा लोळ अंगावर येतो. गाडी उभी आहे, यार्डात कुणी नाही, इंजिन लावलेलं नाही, म्हणून वायर बंद आहे असं अजिबात नसतं. सेल्फी काढताना भाजलेली कितीतरी मुलं हीच समजूत करून चढलेली असतात.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. पोहता येणाऱ्या मुलांचे आईबाप निर्धास्त असतात, पण विहीर, खाण आणि तलाव यांत पोहण्याच्या तलावाचं गणित चालत नाही. नवी मुंबईत पारसिक डोंगराच्या बाजूच्या किंवा पुण्याच्या वाघोली-मोशीकडच्या जुन्या दगडखाणींत काठावर गुडघाभर पाणी असतं आणि दोन पावलांवर तळ लागत नाही. कडा सरळ तासलेल्या असतात, वर यायला धरायला काही नाही. विहिरीत मे महिन्यात पाणी तळाला गेलेलं असतं. मागच्या दिवाळीत जिथून सूर मारला तिथून आता मारला तर खाली खडक. मान मोडली की माणूस पाण्यातच लुळा पडतो.

गावाकडे पूर्वी पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून काका-मामा पोरांना विहिरीत शिकवायचे. त्यात एक गोष्ट आपसूक असायची, ती म्हणजे काठावर बसलेला मोठा माणूस. आता सुट्टीत गावी गेलेली शहरातली मुलं चुलतभावंडांबरोबर एकटीच विहिरीवर जातात, आणि तिथली मुलं त्यांना ‘शहरातला आहेस, तुला नाय जमणार’ म्हणतात. सुट्टीला पाठवण्याआधी आजी-आजोबांना, काकांना फोन करून स्पष्ट सांगा की मोठ्या माणसाशिवाय पाण्यावर पाठवायचं नाही. ‘वाईट वाटेल’ म्हणून गप्प बसू नका.

आणि श्वास रोखायची पैज. ही तरणतलावातही होते, प्रशिक्षक बघत असतानाही होते. आधी भराभरा मोठे श्वास घेऊन मग बुडी मारली की शरीराची ‘आता वर ये’ ही सूचना उशिरा मिळते, आणि त्याआधीच शुद्ध जाते. आवाज नाही, धडपड नाही. बाहेरच्यांना वाटतं, गडी जिंकतोय.

तिसरी पायरी: बोलणं कसं काढायचं

‘बस, तुझ्याशी बोलायचंय’ या वाक्याने सुरुवात केली की पुढचं सगळं फुकट जातं. समोरासमोर बसून नजरेला नजर देऊन या वयातली मुलं बोलत नाहीत. स्कूटरवर मागे बसलेली असताना, भाजी निवडताना, गाडीत, रात्री दिवा मालवल्यावर बोलतात.

आणि प्रश्न त्याच्याबद्दल विचारू नका, बाकीच्यांबद्दल विचारा. ‘तू असलं काही करतोस का?’ याला उत्तर ‘नाही’ एवढंच येणार. त्याऐवजी असं:

‘तुमच्या वर्गात सगळ्यात येडा स्टंट कुणी केलाय?’

‘अगं, ते बी-डिव्हिजनचं टोळकं आहे ना, ते स्टेशनवर…’

‘मग? बाकीचे काय करतात तेव्हा?’

‘बघतात. एक जण व्हिडिओ काढतो.’

‘आणि कुणी नाही म्हटलं तर?’

इथे थांबायचं आणि ऐकायचं. या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात तुम्हाला हवी ती सगळी माहिती असते. नाही म्हणणाऱ्याला ‘फट्टू’ म्हणतात का, ग्रुपमधून काढतात का, की नुसतं हसून सोडतात. मधेच ‘नावं सांग त्यांची, मी त्यांच्या आईला फोन करते’ असं म्हणालात तर पुढच्या वर्षभरात एक अक्षर कानावर येणार नाही.

श्वास कोंडून किंवा गळ्यावर दाब देऊन भोवळ आणण्याच्या प्रकाराबद्दल बोलावं का, असं पालक विचारतात. बोलावं, पण जपून. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १९९५ ते २००७ या काळातले असे ८२ मृत्यू नोंदले होते. सरासरी वय तेरा, आणि जवळजवळ सगळी मुलं त्या वेळी एकटी होती. ज्या ४२ मृत्यूंबद्दल पुरेसा तपशील मिळाला, त्यांतल्या ३९ मुलांच्या आईबापांना असा काही प्रकार असतो हेच माहीत नव्हतं. इटलीत जानेवारी २०२१ मध्ये पालेर्मोच्या एका दहा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला, तेव्हा तिथल्या डेटा संरक्षण संस्थेने टिकटॉकला वयाची खात्री न झालेली खाती रोखायला लावली. आपल्याकडे टिकटॉक जून २०२० पासून बंद आहे, पण तेच व्हिडिओ रील आणि शॉर्ट्समधून फिरतात.

कसं करतात याचा तपशील मुलासमोर अजिबात काढू नका, आणि त्याला ‘खेळ’ही म्हणू नका. एवढंच पुरतं: ‘गळ्यावर किंवा छातीवर दाब देऊन चक्कर आणायचं काही कुणी दाखवलं तर ते मेंदूचा प्राणवायू तोडणं आहे. काही सेकंदांत शुद्ध जाते, मग स्वतःला सोडवता येत नाही, आणि काही मिनिटांत मेंदू कायमचा निकामी होतो. एकट्याने नाही, मित्रांबरोबरही नाही, गंमत म्हणूनही नाही. कुणी करताना दिसलं तर मला लगेच सांग, मी रागावणार नाही.’ मग विषय बदला. एकदा नीट सांगितलेलं मुलांच्या लक्षात राहतं. रोज सांगितलं तर कुतूहल वाढतं.

चौथी पायरी: ‘नाही’ म्हणायची तालीम

मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. मुलाला धोका कळत नसतो असं आपण धरून चालतो. दहातल्या नऊ वेळा त्याला कळत असतं. चौघांसमोर लाज न जाता मागे कसं फिरायचं, ते कळत नसतं. ‘सरळ नाही म्हणायचं’ हा सल्ला मोठ्यांनाही ऑफिसच्या पार्टीत जमत नाही, तर तेराव्या वर्षी कुठून जमणार?

म्हणून त्याला तयार वाक्यं द्या, आणि तीही त्याच्या भाषेतली. बसून दोघांनी मिळून बनवा. माझ्या वर्गातल्या मुलांनीच सुचवलेली काही:

‘परवा मॅच आहे. हात मोडला तर सर टीममधून काढतील.’

‘आईने लोकेशन लावलंय भावा, आत्ता फोन येईल बघ.’

‘तू जा, मी तुझ्या फोटोला हार घेऊन येतो.’

तिसरं वाक्य सगळ्यात चालतं, कारण त्यावर सगळे हसतात आणि हशात विषय पांगतो. दुसऱ्या वाक्यात सगळी बदनामी आईच्या वाट्याला जाते. जाऊ द्या. ‘माझी आई फार कटकटी आहे’ असं मुलाने चारचौघांत सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका. ती त्याची ढाल आहे आणि तुम्हीच त्याच्या हातात दिलेली आहे.

वाक्यं नुसती सांगून उपयोग नाही, ती त्याला मोठ्याने बोलून बघायला लावा. तुम्ही मित्र व्हा आणि चिडवा, खरंखुरं चिडवा, ‘घाबरला रे घाबरला’पर्यंत जा. पहिल्यांदा दोघंही लाजाल. पण तोंडून एकदा निघालेलं वाक्य ऐन वेळी सापडतं, नुसतं ऐकलेलं सापडत नाही.

त्याच्या जोडीला एक खुणेचा मेसेज ठरवा. दिसायला अगदी साधा हवा, कारण मित्र फोनमध्ये डोकावतात. ‘आजीची गोळी आणू का?’ असं काहीही. हा मेसेज आला की तुम्ही एका मिनिटात फोन करायचा आणि शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या चढ्या आवाजात बोलायचं: ‘कुठे आहेस? पाहुणे आलेत, आत्ताच्या आत्ता घरी ये!’ मुलगा तोंड वाकडं करून निघतो आणि त्याची शान शाबूत राहते. फोन नसलेल्या मुलाने कुणाच्याही फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा, म्हणून आईबापांपैकी एकाचा नंबर त्याला तोंडपाठ हवा. आजकाल तोच नसतो.

या व्यवस्थेला एक अट आहे आणि ती मोठ्यांनी पाळायची आहे. मेसेज आला त्या दिवशी जाब विचारायचा नाही. कुठे होतास, कोण होतं, तिथे गेलासच कशाला, काही नाही. आणायला जा, जेवायला वाढा. बोलणं दुसऱ्या दिवशी. पहिल्याच वेळी उलटतपासणी झाली तर तो मेसेज पुन्हा कधीच येणार नाही. ही अट बाबांना जास्त जड जाते असा माझा अनुभव आहे. त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

पाचवी पायरी: मित्र संकटात असेल तर

दर पावसाळ्यात एकाच धर्तीची बातमी असते: बुडणाऱ्या मित्राला वाचवायला गेलेला दुसराही बुडाला, कधी तिसराही. ही मुलं शूर असतात, त्यांना काय करायचं ते कुणी शिकवलेलं नसतं. घरात हे पाच मिनिटांत शिकवता येतं.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात हलवत ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, हात पाण्यावर दाबल्यासारखे, आणि आवाज नाही, असं दिसतं. तो दिसला की पाण्यात उडी मारायची नाही. काठावर पालथं पडून लांब काठी, फांदी, ओढणी, शर्टाला बांधलेला शर्ट पुढे करायचा. पोहोचत नसेल तर तरंगणारं काहीही फेकायचं: झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन, ट्यूब, थर्माकोल. एकाने ओरडत मोठ्या माणसाकडे पळायचं, एकाने ११२ लावायचा. बुडणारा माणूस जवळ आलेल्याला मिठी मारून खाली ओढतो, तो भाऊ असला तरी, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा.

बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास चालू नसेल तर तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं, दोन्ही लगेच सुरू व्हायला हवं. हे वाचून येत नाही. रेड क्रॉस आणि सेंट जॉन अॅम्ब्युलन्स प्रथमोपचाराचे वर्ग घेतात. सोसायटीने एक रविवार काढून वर्ग ठेवला तर गणपतीतल्या ऑर्केस्ट्रापेक्षा तो खर्च नक्कीच सत्कारणी लागेल.

शुद्ध हरपलेल्या मुलाचा श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा, गळ्याभोवती काही असेल तर सोडवा, १०८ ला फोन करा. तोंडात पाणी ओतू नका, कांदा हुंगवू नका. दोन मिनिटांनी उठून ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. डोक्यावर आपटलेल्या मुलालाही हेच लागू. उलटी, वाढती डोकेदुखी, पेंगुळणं, बोलण्यात घोळ यांपैकी काहीही दिसलं तर घरी थांबून बघण्यात अर्थ नाही.

विजेचा झटका बसलेल्याला हात लावायचा नाही. लांब राहून रेल्वेच्या माणसाला गाठायचं किंवा १३९ वर कळवायचं.

मुलाच्या मनात मोठा अडसर असतो तो ‘चुगली’चा. त्यावर मी वर्गात एवढंच सांगते: एखाद्याला शिक्षा व्हावी म्हणून सांगणं ही चुगली, आणि तो मरू नये म्हणून सांगणं वेगळं. मुलांना हा फरक पटतो, फक्त कुणीतरी मोठ्याने बोलून दाखवावा लागतो.

सहावी पायरी: खुणा ओळखा, पण पोलीस होऊ नका

खरचटलेले कोपर आणि फाटलेली पँट हे बालपण आहे. त्यासाठी खोलीची झडती घ्यायची गरज नाही. लक्ष द्यायचं ते न जुळणाऱ्या गोष्टींकडे. उकाड्यातही बंद गळ्याचे कपडे, मानेवर व्रण, डोळ्यांच्या पांढऱ्यात लाल ठिपके, वारंवार जोराची डोकेदुखी, एकटं खोलीत बसून आल्यावर भांबावल्यासारखं दिसणं, ओढण्या-पट्टे-दोऱ्या विनाकारण खोलीत सापडणं. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर त्याच दिवशी बोला आणि डॉक्टरांना दाखवा. मुलाला एकटं सोडू नका, खोलीची कडी काही दिवस काढून ठेवा.

इतर खुणा साध्या असतात. कपड्यांना ग्रीस किंवा खाणीतला चिखल, पोहायला गेला नसताना ओले केस, पासवर नसलेल्या स्टेशनचं तिकीट, नवे मोठे मित्र ज्यांची नावं तो सांगत नाही, अचानक वाढलेले फॉलोअर.

आणि एक वेगळी शक्यता नजरेआड करू नका. काही मुलं पैज म्हणून नव्हे, तर जगण्याचा कंटाळा आल्यामुळे जीव धोक्यात घालत असतात. खाणंपिणं, झोप, अभ्यास सगळंच बिघडलं असेल, ‘मेलो तरी काय फरक पडतो’ असं बोलत असेल, तर तो वेगळा विषय आहे. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास फुकट असते आणि मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. पैजेच्या नावाखाली कुणी नको तसले फोटो मागत असेल किंवा धमकावत असेल तरी १०९८ लावा. सायबर तक्रारीसाठी १९३०.

फोनचं काय करायचं

थोडक्यात सांगते. फोन काढून घेतला की मूल मित्राच्या फोनवर बघतं आणि तुम्हाला काहीच कळेनासं होतं. तेरा वर्षांखालच्या मुलाचं इन्स्टाग्राम खातं मुळात नियमातच बसत नाही. त्यापुढे टीन अकाउंट (इन्स्टाग्रामचं किशोरांसाठीचं, जास्त बंधनं असलेलं खातं) ठेवा, खातं प्रायव्हेट ठेवा, रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, आईबाबांचेही. आठवड्यातून एकदा शेजारी बसून त्याच्या रील्स बघा, हसा, विचारा. त्याला काय दाखवलं जातंय ते तेवढ्यात समजतं.

एक नियम मात्र लिखित असू दे: कुणी स्टंट करत असेल तर आपला कॅमेरा बंद. २०१८ मध्ये ‘किकी चॅलेंज’चं वेड आलं तेव्हा वसईच्या रेल्वे न्यायालयाने लोकलशेजारी नाचून व्हिडिओ टाकणाऱ्या तीन तरुणांना तीन दिवस स्टेशन साफ करायला लावलं होतं. त्यांना पकडून दिलं ते त्यांच्याच व्हिडिओने.

सातवी पायरी: काही घडलंय असं कळलं तर

समजा, शेजारच्या काकूंनी तुमच्या मुलाचा दारात लटकतानाचा व्हिडिओ दाखवला. पहिला अर्धा तास काहीच करू नका. हात उचलायची ऊर्मी येणारच. मारलेलं मूल स्टंट सोडत नाही, लपवायला शिकतं.

मग एकांतात, व्हिडिओ न दाखवता: ‘तू शुक्रवारी लोकलमध्ये काय केलंस ते मला कळलंय. मला भीती वाटली. काय झालं होतं ते सांग.’ पूर्ण ऐका. पैज कुणी लावली, आधी किती वेळा झालं, आणखी कोण आहे, पुढचं काही ठरलंय का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मग परिणाम ठरवा, तो गुन्ह्याशी जोडलेला हवा. महिनाभर लोकलऐवजी बस, किंवा बाबांबरोबर लोकल. क्रिकेट बंद करू नका. तिथे निदान त्याला चांगली मुलं भेटतात.

इतर पालकांना एकेकट्याने फोन करा, ‘आपली मुलं’ असं म्हणा, ‘तुमच्या मुलाने माझ्याला बिघडवलं’ असं नको. तो व्हिडिओ कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, शिक्षकांनाही पाठवू नका, प्रत्यक्ष जाऊन दाखवा. शाळेला कळवताना नावांच्या यादीपेक्षा जागा आणि वेळ सांगा: ‘सहाव्या तासानंतरच्या सुट्टीत, मागच्या जिन्यात.’ तिथे एक शिक्षक उभा राहिला की पंधरा दिवसांत प्रकार थांबतो, हे मी बघितलंय.

कायद्याची भीती मुलांना फारशी नसते, पण आईबापांनी जाणून घ्यावं. टपावरून, पायरीवरून प्रवास केल्यास रेल्वे कायद्याच्या कलम १५६ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. गाडीच्या बाबतीत मामला थेट तुमच्यावर येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. क्लासला जायला जवळ पडतं म्हणून नववीतल्या मुलाच्या हातात अॅक्टिव्हाची किल्ली देणारे बाप मला दर वर्षी भेटतात. किल्ली फ्रीजवर ठेवू नका.

आठवी पायरी: थरार हवाच, तो कुठे मिळेल ते बघा

या वयाला छातीत धडधड हवी असते आणि ती बंद करता येत नाही. गोविंदा पथकंच बघा. गुरुपौर्णिमेपासून सराव सुरू होतो, कोण कुठल्या थरात ते ठरतं, खाली पकडायला माणसं उभी असतात, आता हेल्मेट आणि दोरही आले, चौदाखालच्या मुलांना थरांत बंदी आहे. तरीही अपघात होतात, म्हणून माझं स्वतःचं मूल वरच्या थरात मी चढू देणार नाही. पण त्या महिनाभराच्या शिस्तीत पोरं जे शिकतात ते कुठल्या रीलमध्ये नाही.

मल्लखांब हा माझा आवडता पर्याय. खर्च कमी, उंची आहे, उलटं लटकणं आहे, प्रेक्षकांच्या टाळ्या आहेत, आणि खाली गादी व शेजारी शिक्षक आहे. पुण्यात, मुंबईत, साताऱ्यात, कितीतरी तालमींत आणि व्यायामशाळांत तो शिकवतात. कबड्डी, ज्युडो, सह्याद्रीतले ट्रेक, क्लाइंबिंग वॉल, पोहण्याच्या स्पर्धा, जे जवळ असेल ते. एकट्याला पाठवू नका, त्याच्या टोळक्यातल्या दोघातिघांना मिळून घाला. नाहीतर तो क्लासहून परत त्याच कट्ट्यावर येईल.

ट्रेक किंवा साहस शिबिर निवडताना आयोजकाला फोनवर हे विचारा: किती मुलांमागे एक प्रशिक्षित माणूस आहे? प्रथमोपचार येणारा कोण? पाण्यात उतरणार का, लाइफ जॅकेट प्रत्येकाला आहे का? पाऊस फार झाला तर रद्द करता का, पैसे परत देता का? जवळचं हॉस्पिटल कुठलं? ‘ताई, तुम्ही टेन्शन घेऊ नका’ असं उत्तर आलं तर दुसरा आयोजक शोधा.